चार कोपऱ्यांना हळद

रस्त्यात हातात कोंबलेलं पत्रक पूर्ण वाचून, घडी घालून, ज्यानं दिलं त्यालाच परत करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे चेन्नईतले घरमालक. तिरुवान्मियूरच्या बसस्टँडबाहेर भर उन्हात कोणी ना कोणी पत्रकं वाटत उभं असतं. दातांचा दवाखाना, प्लॉट, योगवर्ग, काय वाटेल ते. आपण ते घेतो आणि चार पावलांवर टाकून देतो. हे गृहस्थ तिथंच थांबत. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत, पाठपोट वाचत आणि मग वाटणाऱ्याला तमिळमध्ये सांगत, "वाचलं. छान आहे. आता दुसऱ्या कोणाला द्या." एकदा दातांच्या दवाखान्याच्या बाई म्हणाल्या, "सार, घरी न्या की." हे म्हणाले, "माझे दात केव्हाच गेले. ज्याचे आहेत त्याला द्या, म्हणजे तुमचा कागद सत्कारणी लागेल."

ते पत्रक मीच केलेलं होतं, म्हणून हा प्रसंग मला नीट आठवतो. घरी येऊन त्यांनी मला सांगितलं की दवाखान्याचा पत्ता घडीवर आला आहे आणि घरनंबर मोडला आहे. पाहिलं तर खरंच.

माझ्या नवऱ्याची श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात बदली झाली आणि आम्ही कराडहून उठून चेन्नईला आलो. तो पहाटे कंपनीच्या बसनं जायचा तो दिवस मावळल्यावर उगवायचा. मी घरात बसून ऑनलाइन डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर लोकांची मेन्यूकार्डं, पत्रकं, घडीची माहितीपत्रकं करायची. घर शोधताना दलालानं सांगितलं होतं, मालक मराठी आहेत. आम्हाला कोण आनंद! पहिल्या दिवशी मी गच्चीतून खाली वाकून हाक मारली, "काका! अहो काका!" शेजारच्या घरातली बाई हातात भाताचा गोळा घेऊनच बाहेर आली आणि आकाशाकडे पाहू लागली. तिकडे कावळ्याला काक्का म्हणतात आणि जेवणाआधी त्याला अशीच हाक मारून घास ठेवतात, हे मला कुठून ठाऊक असणार? घरमालक खालून गंभीरपणे म्हणाले, "मामा म्हण, मा. कावळे फार येतात नाहीतर." तेव्हापासून ते मामा, त्यांची बायको मामी आणि मी, तिकडे लेकीबाळींना म्हणतात तशी, मा.

मामा तंजावूरकडचे मराठी. जन्म गेला रेल्वेच्या ऑफिसात, फाइली सरकवण्यात. त्यांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मला वाटायचं की आपली कोणी तरी थट्टा करतंय. "जेवण होलं कां?" "काफी होणा कां?" काफी म्हणजे कॉफी, होणा म्हणजे हवं. वाक्य सुरू व्हायचं एखाद्या जुन्या बखरीत शोभेल असं, आणि संपायचं तमिळमध्ये. मी एकदा आगाऊपणानं त्यांना 'होलं' नव्हे, 'झालं' म्हणायचं असतं असं सुचवून पाहिलं. मामा म्हणाले, "आमची मराठी राजासंगट आली, मा. तुमची काल रेल्वेनं आली. तुम्ही वापरून वापरून बदलट्लां. आम्ही होती तशी ठेवट्लों." मी काफी प्यायले.

त्यांचं आणखी एक होतं. कितीही वाईट बातमी असो, ऐकून झाली की ते दोन्ही हात मांडीवर ठेवत आणि म्हणत, "सेरी. पुढं काय?" सेरी म्हणजे बरं. मोटार जळून पाणी बंद झालं, सेरी, पुढं काय. वादळात नारळाचं झाड आमच्या स्कूटरवर पडलं, सेरी, पुढं काय. माझा नवरा वैतागायचा. म्हणायचा, ह्या माणसाला दुःख तरी होतं का कशाचं?

मामी शाळेत तमिळ शिकवायच्या. घरात मराठी बोलणारी बाई, पण अर्ध्या पेठेला तमिळ अक्षरं गिरवायला त्यांनी लावलेली. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि विसरायला लागल्या होत्या. आधी किल्ल्या, मग भाजी, मग माणसं. आणि एक दिवस त्यांचं तमिळच गेलं. ज्या भाषेचा जन्मभर पगार घेतला ती पुसली गेली आणि खाली उरली ती तंजावूरच्या गल्लीत लहानपणी बोललेली मराठी. फुलवाली त्यांच्याशी तमिळमध्ये बोले आणि मामी तिला मराठीत उत्तर देत. फुलवालीला कळेना, मामींना तिला कळत का नाही ते कळेना, मग मामी चिडत आणि रडत. अख्ख्या रस्त्यावर त्यांचं बोलणं समजणारी माणसं दोन, मामा आणि मी. त्यातली मी निम्मीच.

चांगल्या दिवशी मामी मामांना "अहो" म्हणत. इतर दिवशी त्या त्यांना आपल्या शाळेचे हेडमास्तर समजत आणि "सार" म्हणून रजा मागत. मामा चष्मा नाकावर घेऊन विचारत, "कारण काय?" मामी सांगत, "तंजावूरास जायाचं आहे, सार." मामा विचार केल्यासारखं करत आणि म्हणत, "सेरी. मंजूर."

मामींना चालायची सवय होती. सकाळी देवळात, संध्याकाळी भाजीपर्यंत. त्या निघत आणि रस्ता चुकत. बहुतेक वेळा मामा चार पावलं मागून जात, वहाणा हातात घेऊन, आवाज होऊ नये म्हणून. पण गुडघे त्यांचेही म्हातारे होते. दोनदा मामी दिसेनाशा झाल्या आणि आम्ही सगळे गल्ल्या पालथ्या घालत फिरलो.

मामामामींचा मुलगा परदेशात होता. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगते. रोज फोन करायचा. एकदा फोन स्पीकरवर होता आणि मी तिथंच शेंगा सोलत बसले होते. "अप्पा, फाटकाला कुलूप लाव. नाहीतर एक दिवस ती गाडीखाली येईल आणि तुला ते जन्मभर पुरेल. शोळिंगनल्लूरला एक चांगली जागा आहे, अशाच लोकांची, नर्स असतात. मी बोलून ठेवलंय." मामा म्हणाले, "त्या जागेचं फाटक उघडं असतं कां?" मुलगा म्हणाला, "पोंगलला येतोय मी. तोपर्यंत पुन्हा हरवली तर तुझं काही ऐकणार नाही. कुलूप नाहीतर ती जागा. तूच ठरव."

फोन बंद झाल्यावर मामा बराच वेळ फाटकाकडे पाहत बसले. मी वाट पाहिली, पण त्या दिवशी सेरी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते जिना चढून वर आले. हातात माझंच एक माहितीपत्रक, कुठल्याशा रिसॉर्टचं, तीन भागांत घडी घातलेलं. मामांनी परत न केलेलं बहुधा हे एकच. टेबलावर ते उलगडून त्यांनी विचारलं, "मा, असलं एक करून देशील कां? तुझ्या मामीचं."

मला वाटलं वाढदिवस असेल. म्हटलं, फोटो द्या. तर म्हणाले, वाढदिवसाचं नाही. "हे बघ. ह्या कागदात काय आहे? अनोळखी गावास जाणाऱ्या माणसास सांगितलं आहे, कोठें जावं, काय खावं, कसं बोलावं. तिच्यापाशी येणारा माणूसही अनोळखी गावासच येतो ना? त्यास कोणी तरी सांगावं."

त्या वाक्यावर मी पैसे, वेळ, काहीही बोलले नाही. लॅपटॉप उघडला.

पुढचे काही दिवस मामा दुपारची काफी झाली की वर येत. स्वतःची उशी घेऊन येत, कारण आमच्या खुर्च्या त्यांच्या मते उभ्या राहणाऱ्या माणसासाठी केलेल्या होत्या. मी टेम्प्लेट उघडलं. त्यात एक गोरी, भरपूर दात असलेली बाई हसत होती. मामांनी विचारलं, "ही कोण?" म्हटलं कोणी नाही, जागा भरायला असते, काढून टाकायची. मी तिला पुसली तर मामा चपापले. "एवढी हसत होती, आणि तू काढून टाकट्लीस!" मग मी अन्डू दाबून तिला परत आणून दाखवली. त्यांना हे फार आवडलं. तीनचारदा तिला घालवून परत आणायला लावली. "ही सोय आमच्या ऑफिसात असती मा, तर आमचा सेक्शन सुखी होता."

घडीवरून आमची जुंपली. सॉफ्टवेअरमध्ये मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला सगळ्यात उजवीकडे येतं. मामा म्हणाले, पहिलं पान शेवटी कसं? मी वर्तमानपत्राचा कपटा घेऊन घडी घालून दाखवली. ते पटलं. मग मी सांगितलं की जो भाग आत दुमडला जातो तो बाकीच्या दोन भागांपेक्षा किंचित अरुंद ठेवावा लागतो, नाहीतर कागद फुगतो. हे काही केल्या पटेना. "तीन भाग, तिघांस सारखं," असं म्हणत त्यांनी फूटपट्टी मागवली. मी म्हटलं मामा, ही वाटणी नाहीये, छपाई आहे. शेवटी त्यांनी स्वतः तीन सारखे भाग करून घडी घातली, ती फुगली, त्यांनी तळहातानं दाबली, पुन्हा फुगली. मग मान हलवून म्हणाले, "आत राहणाऱ्यानं थोडं मागं सरायचं असतं. कबूल." आणि पुढचं काम सुरू झालं.

मजकूर मात्र भयंकर होता. मामा ताठ बसून फोनला तमिळमध्ये मजकूर सांगायचे आणि फोन तो टाइप करायचा. मग मला तो मराठीत समजावून द्यायचे. पहिला खर्डा असा होता: 'वर नमूद केलेली महिला निरुपद्रवी असून आढळल्यास योग्य ती कार्यवाही करावी.' मी म्हटलं, मामा, हे हरवलेल्या छत्रीचं वाटतंय. त्यांना राग आला. दोन दिवस वर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते विचारत, "मग कसं लिहाचं? तूच सांग." मी म्हटलं, तुम्ही मला जसं सांगाल तसं. मी नवीन फुलवाली आहे असं समजा.

तेव्हा कुठं ते सांगू लागले.

मुखपृष्ठावर मामींचा फोटो. तो मीच काढला होता, त्या मोगरा निवडत होत्या आणि कशाला तरी हसल्या. फोटोखाली: 'ह्या आमच्या घरच्या. तुम्हाला कधी तरी भेटतील.' आत एका भागात, भेटल्या तर काय करावं. 'त्यांना काफी विचारा. साखर कमी. बसायला जागा द्या. शेजारी बसा, समोर उभे राहू नका.' दुसऱ्या भागात, काय करू नये. 'त्यांना नाव विचारू नका, ती त्यांना परीक्षा वाटते. घरी चला म्हणू नका, त्या घरीच निघालेल्या असतात. त्या भांडल्या तर समजा, तुम्ही त्यांना आवडलात.' तिसऱ्या भागात त्यांची भाषा, तमिळ अक्षरांत लिहिलेली मराठी वाक्यं, काफी होणा कां, बसा, भिऊं नका, मी आहें. मागच्या बाजूला फोन नंबर आणि घराचा नकाशा.

आणि जो अरुंद भाग आत दुमडला जातो, त्यावर काय घालायचं हे मामांनी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. मग एके दुपारी ते फोनला सांगू लागले आणि मी ऐकत राहिले. 'आमच्या घराचं फाटक उघडं असतं. ते चुकून राहिलेलं नाही. हिनं जन्मभर ह्या रस्त्यांवरून चालत जाऊन तुमच्या मुलांना अक्षरं शिकवली. ते रस्ते हिला बंद करणं माझ्यानं होत नाही. पण मला भीती वाटते. म्हणून तुम्ही सगळे थोडं थोडं लक्ष ठेवा.'

मी विचारलं, भीती वाटते हे ठेवायचं? लोक वाचतील. मामा म्हणाले, "खरं आहे ना? मग असूं दे."

छापायला आम्ही दोघं गेलो. मला चकचकीत जाड कागद हवा होता, वर लॅमिनेशन, म्हणजे पावसात टिकेल. मामांनी सगळे नमुने बोटानं घासून पाहिले आणि साधा, खरखरीत कागद निवडला. कारण सांगेनात. दुकानदारानं पहिल्या काही प्रती काढल्या, तर मागची बाजू उलटी! कागद कुठल्या कडेनं पलटायचा ती खूण चुकली होती. मी दुकानदारावर तणतणले. मामांनी मात्र ती प्रत हातात धरली, मला समोर उभं केलं आणि म्हणाले, "बघ, मी इकडून वाचतों, तू तिकडून वाच. दोघांचं एका वेळी होतं." त्या उलट्या प्रती त्यांनी टाकू दिल्या नाहीत. बसच्या कंडक्टरांना दिल्या, ते नेहमी कोणाच्या तरी समोर उभे असतात म्हणून.

आता माझा असा समज की पत्रकं दुकानादुकानांत ठेवायची आणि मोकळं व्हायचं. सकाळी खाली गेले तर ओसरीवर सगळी माहितीपत्रकं मांडलेली, आणि मामा हळदीच्या वाटीत बोट बुडवून एकेकाच्या चारही कोपऱ्यांना हळद लावत बसलेले. आपल्याकडे लग्नपत्रिकेला हळदकुंकवाची बोटं लावतात, तिकडे चार कोपऱ्यांना हळद. पण हे काय लग्न होतं? मी एवढी जपून मोकळी ठेवलेली पांढरी जागा सगळी पिवळी झाली होती. मी अक्षरशः ओरडले. मामा शांतपणे म्हणाले, "गुळगुळीत कागदावर हळद धरत नाही, मा."

मग त्यांनी जरीकाठी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली, मामींना रेशमी साडी नेसायला लावली आणि दोघं तबक घेऊन निघाली, आमंत्रणाला निघावं तशी. तबकात कुंकू, विड्याची पानं, सुपारी. मला चपला घालून मागून यायचा हुकूम झाला. फुलवाली, इस्त्रीवाला, रिक्षास्टँड, देवळातले गुरुजी, औषधाचं दुकान. प्रत्येकापुढं मामा वाकून कागद द्यायचे आणि म्हणायचे, "आमच्या घरचं आहे. अगत्य ठेवा." लोक उठून दोन्ही हातांनी घ्यायचे. इस्त्रीवाल्याला वाटलं की ऐंशीव्या वर्षाची शांत आहे. त्यानं तारीख शोधली, सापडेना, मग वाचलं. वाचून झाल्यावर तो मामींच्या पाया पडला. त्याच्या मुलीला मामींनी शिकवलं होतं.

कोपऱ्यावर कोवलमची, केरळातल्या नव्हे, चेन्नईजवळच्या समुद्राकाठच्या कोवलमची, एक बाई मासे घेऊन बसायची. मामामामी शाकाहारी, तिच्याशी देणंघेणं काही नाही. पण मामी जाता येता तिच्यापाशी उभ्या राहून गप्पा मारत. ती तमिळमध्ये, ह्या मराठीत, आणि दोघींचं का कोण जाणे पण छान जमायचं. मामांनी तिलाही कागद दिला. ती म्हणाली, मला वाचता येत नाही. मामा म्हणाले, "वाचून घे कोणाकडून तरी." तिनं हात पुसून, हळद पाहून कागद कपाळाला लावला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी जन्मभर पत्रकं करते आहे आणि ती चार पावलांवर पडतात. हळद लावलेला कागद कोण टाकेल? फुलवालीनं तो देवाच्या तसबिरीमागं खोचला. औषधवाल्यानं गल्ल्यावर चिकटवला. मामांनी माझं डिझाइन बिघडवलं होतं आणि माझ्या कागदाचं आयुष्य वाढवलं होतं.

आणि रस्ता बदलला. मामी चुकल्या की कोणी तरी त्यांना बसवायचं. रिक्षावाले "काफी होणा कां" म्हणायला शिकले, तेही असल्या उच्चारात की मामी हसून बेजार व्हायच्या. मामांचा फोन वाजायचा, "सार, मामी इथं आहेत, सावकाश या." मामा मुलाला फोनवर सांगायचे, "हरवली नाही. शेजारी गेली होती." मुलगा म्हणायचा, बघू पोंगलला.

पोंगल तोंडावर आलं असताना एका दुपारी मामांना बसल्या जागी डोळा लागला. जागे झाले तर फाटक उघडं आणि मामी नाहीत. देऊळ नाही, फुलवाली नाही, रिक्षास्टँड नाही. कोणी पाहिलंच नव्हतं. तास गेला, मग आणखी एक. माझा नवरा कारखान्यात, मी आणि मामा रस्त्यारस्त्यानं. मी काही बोलले तर त्यांना ऐकू येत नव्हतं. मोठ्या रस्त्यावर गाड्या सुसाट जात होत्या आणि ते प्रत्येक गाडीच्या चाकाकडे पाहत होते.

मग फोन वाजला. कोवलमहून. बसस्टॉपजवळच्या एका चहाच्या टपरीवाल्याचा. मामी तिथं होत्या.

मागाहून कळलं ते असं. साध्या बसमध्ये तिकडे बायकांना तिकीट लागत नाही. मासेवाली रिकामी टोपली घेऊन पुढच्या दारानं बसमध्ये चढली, तिच्या मागोमाग मामी मागच्या दारानं चढल्या. गर्दीत तिला त्या दिसल्या नाहीत आणि मधल्याच एका स्टॉपवर ती उतरून गेली. मामी शेवटपर्यंत बसून राहिल्या.

आम्ही रिक्षा केली. समुद्राकाठचा तो रस्ता लांबलचक. अर्ध्या वाटेवर मामा म्हणाले, "मुलगा बरोबर होता, मा. मी हट्ट केला. हट्ट माझा, आणि जीव तिचा." मी म्हटलं, पण सापडल्या ना मामा. ते म्हणाले, "आज सापडली." वाटेत हार्डवेअरचं दुकान दिसलं तशी त्यांनी रिक्षा थांबवली. आत गेले आणि कापडी पिशवीत एक जाड पितळी कुलूप घेऊन आले. मांडीवर पिशवी धरून बसले. दोन्ही हात तिच्यावर. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, बाहेर पाहत राहिले. मला फार वाईट वाटत होतं आणि त्यांचं चुकलं असंही म्हणवत नव्हतं.

टपरीसमोर बाकावर मामी बसल्या होत्या. हातात पितळी वाटीतली काफी. पलीकडे वाळूवर होड्या ओढलेल्या आणि मागं समुद्र. टपरीवाला त्यांच्या शेजारी बसला होता, समोर नाही. आम्हाला पाहून तो उठला आणि देवाच्या फोटोशेजारचा कागद काढून दाखवला. मासेवालीनं तो वाचून घ्यायला त्याच्याकडे आणला होता. वाचून झाल्यावर परत नेते म्हणाली, तर ह्यानंच ठेवून घेतला होता. कोपऱ्यांवर हळद होती, म्हणे, परत कसा देणार?

मामी आम्हाला पाहून म्हणाल्या, "या सार. नदीस पाणी फार आलं आहे." समुद्राला त्या तंजावूरची कावेरी समजत होत्या. म्हणजे आज सारचा दिवस होता. मामा त्यांच्या शेजारी बसले. पिशवी बाकावर ठेवली.

मामींनी टपरीवाल्याच्या हातातून कागद घेतला. फोटो निरखून पाहिला, बोटानं त्यातला मोगरा चाचपला. "ही कोण बाई?" त्यांनी कागद मामांपुढं धरला. "काय लिहिलं आहे, सार? वाचा ना."

मामांनी चष्मा नाकावर घेतला. आतला तो अरुंद भाग उलगडला आणि तमिळमधला मजकूर मराठीत करून वाचू लागले. फाटक उघडं असतं. चुकून राहिलेलं नाही. हिनं जन्मभर मुलांना अक्षरं शिकवली. रस्ते बंद करणं माझ्यानं होत नाही. भीतीच्या वाक्यापाशी ते थांबले. मग तेही वाचलं.

मामी अगदी मन लावून ऐकत होत्या, दुसऱ्या कोणाचं दुःख ऐकावं तशा. शेवटी त्यांनी सुस्कारा सोडला. "पाप, बिचारी, विसरते वाटतं ती. पण दादला बरा मिळाला तिस. कोंडून ठेवत नाही." मग मामांकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही ओळखतां कां सार, त्यास?"

मामा म्हणाले, "कोंजम." थोडंसं.

"मग भेटला तर सांगा त्यास. भिऊं नको म्हणावं."

"सांगतों," मामा म्हणाले.

त्या म्हणाल्या, आता उशीर झाला, शाळा सुटली असेल, निघू या. आम्ही निघालो. मामांनी त्यांचा हात धरला होता, त्यांनीही धरू दिला. रिक्षात बसताना मी मागं वळून पाहिलं. कुलपाची पिशवी बाकावरच राहिली होती. मामांनाही ती दिसली असावी, असं मला वाटतं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, चला.